राणीच्या बागेतील पेंग्विनचे मूळ गाव

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात लागली. दहा वाघिणी, प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे वाघिणींची संख्या ५० वर गेली. लातूरची तहान भागवणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. हे धरण आमच्या कळंब तालुक्याच्या शिवेला लागूनच आहे, त्यामुळे त्याचा उघडा पडलेला तळ आमच्या भागातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिला. रेल्वे आल्यानंतर दहा दिवसांनी, २२ एप्रिलला, चैत्री पौर्णिमा होती आणि येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सेऊल शहरातून विमानाने आठ पेंग्विन मुंबईत आले. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या राणीच्या बागेत, त्यांच्यासाठी १६ ते १८ अंश तापमानाचे थंड दालन बांधले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांतील एक मादी दगावली. मार्च २०१७ मध्ये उरलेले सात पक्षी लोकांना पाहण्यासाठी खुले झाले.

मराठवाड्यात या दोन बातम्यांची जोडी लागायला वेळ लागला नाही. इकडे माणसाला प्यायला पाणी नाही आणि तिकडे पाखरांना गार पाण्याचा हौद, असे पारावर आणि एसटी स्टँडवर बोलले जाई. या बोलण्यातला राग खरा होता आणि तो मी कमी लेखत नाही. परंतु दुष्काळाच्या जुन्या नोंदी चाळण्याचा छंद असल्यामुळे मला या दोन बातम्यांत दुसरेच एक नाते दिसत गेले. ते पेंग्विन ज्या जातीचे आहेत, त्या जातीचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथला समुद्र तापला की त्यांच्या पिल्लांच्या चोचीत घास पडत नाही, आणि तोच समुद्र तापला की बहुतेक वेळा आपल्या नक्षत्रांना पाणी राहत नाही. हे नाते माणसाला कसे कळत गेले, त्याचा इतिहास या लेखात मांडायचा आहे.

आधी पेंग्विन कुठे राहतो ते पाहू. शाळेतल्या मुलाला विचारा, मास्तरांना विचारा, उत्तर एकच येते: बर्फात. चित्रपटांनी आणि फ्रीजच्या जाहिरातींनी ही समजूत घट्ट केली आहे. पेंग्विनच्या साधारण १८ जाती मानल्या जातात. त्यांतील एम्परर आणि अडेली या दोन जातींचा संसार खऱ्या अर्थाने अंटार्क्टिकाशी बांधलेला आहे. बाकीच्या जाती न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा, आफ्रिकेचे दक्षिण टोक, दक्षिण अमेरिका आणि दक्षिणी महासागरातील लहानमोठ्या बेटांवर पसरल्या आहेत. गालापागोस बेटांवरची एक जात तर थेट विषुववृत्तावर राहते. उत्तर ध्रुवाकडे मात्र रानातला पेंग्विन एकही नाही. अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर दाखवणारी चित्रे निव्वळ कल्पना आहे. गंमत म्हणजे पेंग्विन हे नाव मुळात उत्तर अटलांटिकमधील एका न उडणाऱ्या, वेगळ्याच कुळातल्या पक्ष्याचे होते. तो पक्षी माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मारून संपवला आणि नाव दक्षिणेच्या पक्ष्यांकडे राहिले.

आपल्या हिंदी महासागरातही पेंग्विन आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कन्याकुमारीहून नाकासमोर दक्षिणेला जहाज हाकले, तर सुमारे पाच हजार किलोमीटरवर फ्रान्सच्या ताब्यातले ॲमस्टरडॅम बेट लागते. कन्याकुमारीचे आणि त्या बेटाचे रेखावृत्त जवळजवळ एकच. त्या बेटावर आणि शेजारच्या सेंट पॉल बेटावर डोक्यावर पिवळा तुरा असलेले रॉकहॉपर पेंग्विन अंडी घालतात. तिथे कायमचा बर्फ नाही, गवत आहे.

राणीच्या बागेतील पक्षी हम्बोल्ट जातीचे. उंची दोन-सव्वादोन फूट, वजन चार-पाच किलो, छातीवर घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा, चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी. ही उघडी कातडी अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते, आणि उष्णता टाकण्याची सोय लागते यावरूनच हा पक्षी बर्फातला नव्हे हे कळते. पेरू देशाच्या उत्तर भागापासून चिलीतील चिलोए बेटाच्या परिसरापर्यंत, काही हजार किलोमीटरच्या किनाऱ्यावर आणि लगतच्या खडकाळ बेटांवर त्याच्या वसाहती आहेत. या किनाऱ्याचा मोठा भाग वाळवंट आहे. अटाकामाचे वाळवंट, जिथे काही ठिकाणी वर्षानुवर्षे पावसाचा थेंब पडत नाही, ते याच पट्ट्यात येते. म्हणजे आपण ज्याला बर्फाचा रहिवासी समजतो तो पक्षी निवडुंगाच्या सावलीत, कपारीत किंवा जमिनीत बीळ करून राहतो. मादी दोन अंडी घालते, नर-मादी पाळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात.

अशा कोरड्या किनाऱ्यावर त्याचे पोट कसे भरते, याचे उत्तर समुद्रात आहे. शेततळ्यावर एका बाजूने वारा लागला की पालापाचोळा आणि फेस पलीकडच्या बांधाला जाऊन साचतो, हे आपण पाहतो. प्रशांत महासागरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे हेच काम प्रचंड प्रमाणावर करतात. वरचे तापलेले पाणी ते इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला ढकलतात. किनाऱ्याला समांतर वाहणारे वारेही पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सारतात. जागा रिकामी झाली की पेरूच्या काठाशी खोलातले थंड पाणी वर येते. या पाण्यात खतासारखी क्षारद्रव्ये असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव, आणि या दोहोंवर अँचोवेटा नावाचा बोटभर मासा, जो आपल्या कोकणातल्या मांदेलीच्या कुळातला आहे. त्याचे थवेच्या थवे असतात. पेंग्विन, पाणकावळे, पेलिकन, समुद्रसिंह आणि माणूस हे सगळे त्याच एका माशाचे खाणारे.

या थंड पाण्याला आणि पेंग्विनला ज्याचे नाव मिळाले, तो अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन प्रवासी १८०२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर पोहोचला. त्याने पाण्यात तापमापक बुडवून पाहिला आणि पाणी हवेपेक्षा बरेच थंड असल्याची नोंद केली. पुढे नकाशांवर त्या प्रवाहाला त्याचे नाव पडू लागले तेव्हा त्याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, चिलीपासून पायता बंदरापर्यंतच्या कोळ्यांच्या पोरांना हा प्रवाह तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे, मी फक्त त्याचे तापमान मोजले. संशोधक म्हणवून घेणाऱ्यांत हा प्रामाणिकपणा दुर्मीळ. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. १८३४ मध्ये मायेन या जर्मन निसर्गअभ्यासकाने पेंग्विनच्या या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिलाही हम्बोल्टचे नाव दिले.

हम्बोल्टने युरोपात नेलेल्या वस्तूंत ग्वानोचे नमुने होते. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा. पाऊस नसल्याने ती धुऊन जात नाही, थरावर थर साचत राहतो. इंका लोक ती शेतीला वापरत आणि पक्ष्यांना त्रास देणाऱ्यास कडक शासन करत. युरोपातल्या शेतकऱ्यांना तिची चटक लागली ती १८४० नंतर. पेरूच्या चिंचा बेटांवर दीडशे फुटांपर्यंत जाडीचे थर होते. ते खणायला चीनमधून कराराने मजूर नेले. त्यांचे हाल गुलामांहून वेगळे नव्हते. १८६४ मध्ये स्पेनने ही बेटे बळकावली आणि पक्ष्यांच्या विष्ठेवरून युद्ध पेटले. पुढच्या दहा-बारा वर्षांत बेटे जवळपास खरवडून झाली. पेंग्विनच्या दृष्टीने या व्यापाराचा अर्थ सरळ होता. तो याच मऊ थरांत बीळ खणतो. थर गेला, खाली नुसता खडक उरला, आणि अंडी उन्हात आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेसमोर उघडी पडली. ही जात आज ज्या विवंचनेत आहे तिची सुरुवात मी या खाणकामापासून मानतो. १९०९ मध्ये पेरू सरकारने ग्वानोचा कारभार एका कंपनीकडे देऊन बेटांना राखण बसवली, तेव्हा कुठे पक्ष्यांना थोडा निवांतपणा मिळाला. पुंता सान हुआन हे भिंत घालून राखलेले भूशिर आज पेरूमधील या पेंग्विनच्या मुख्य वसाहतींपैकी एक आहे.

हा थंड समुद्र अधूनमधून तापतो. पायता बंदराचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या ऊबदार प्रवाहाला एल निनो म्हणत. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मूल, म्हणजे बाळ येशू. १८९२ मध्ये कामिलो कारियो या नौदलातील अधिकाऱ्याने लिमाच्या भूगोल संस्थेपुढे या नावाची नोंद केली. एरवी हा प्रवाह थोडे दिवस राहून जातो. पण काही वर्षी व्यापारी वारे मंदावतात, पश्चिमेला साचलेले ऊन पाणी पूर्वेकडे परत फिरते आणि वर्षभर ठाण मांडते. खोलातले थंड पाणी वर येत नाही, मासा खोल जातो किंवा दक्षिणेकडे पळतो, पक्षी उपाशी मरतात. त्यातच वाळवंटात मुसळधार पाऊस कोसळतो आणि पेंग्विनच्या बिळांत पाणी भरते. आपल्या भाषेत सांगायचे तर तिकडे ओला दुष्काळ पडतो.

आणि इकडे कोरडा. परंतु हे इकडचे-तिकडचे जुळवायला शंभर वर्षे लागली, आणि त्यातला मोठा भाग भारतात घडला.

भारताचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. खाते रांगते आहे तोवर १८७६ आणि १८७७ ची सलग दोन वर्षे दख्खनवर कोरडी गेली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आमचा धाराशिवचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण ढगांना सरहद्दी माहीत नसतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी गावांची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. महात्मा फुले आणि सत्यशोधकांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उघडले. ब्लॅनफर्डने त्या काळात इतर देशांतल्या वेधशाळांकडून हवेच्या दाबाचे आकडे मागवले. आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत दाब चढलेला दिसला. १८८८ मध्ये ॲडलेडच्या चार्ल्स टॉड यांनी भारत आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ एकाच वर्षी पडतात असे दाखवून दिले. १८७७ हे वर्ष एका अतिप्रबळ एल निनोचे होते, हे त्यांपैकी कोणालाच कळण्याची सोय नव्हती.

ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी भीषण अवर्षण पडले. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून ते छप्पनिया म्हणून स्मरणात राहिले. हवामान खात्याची अब्रू पणाला लागली. १९०४ मध्ये तिथे प्रमुख म्हणून आलेला गिल्बर्ट वॉकर हा हवामानाचा माणूसच नव्हता. तो केंब्रिजचा गणिती; बूमरँग कसे फिरते यावर शोधनिबंध लिहिलेला. ढगांबद्दल आपल्याला काही कळत नाही हे मान्य करून त्याने आकड्यांचा रस्ता धरला. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी मागवायच्या आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते हिशेब करून पाहायचे. सिमल्याच्या कार्यालयात बसून हे हिशेब करणारे हात भारतीय कारकुनांचे होते. संगणक या शब्दाचा अर्थ तेव्हा हिशेब करणारा माणूस असा होता. इतिहासात वॉकरचे नाव राहिले. कारकुनांनी भरलेल्या वह्यांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

मोसमी पावसाच्या अंदाजासाठी वॉकरने निवडलेल्या घटकांत हिमालयातील बर्फ, मॉरिशसजवळचा हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस आणि दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब हे चार होते. म्हणजे १९१० च्या सुमारासच, पेंग्विनच्या मुलखातला वायुभार आपल्या शेतकऱ्याच्या पावसाच्या हिशेबात येऊन बसला होता. पुढे १९२३-२४ पर्यंत त्याने दाखवले की प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होते. एखाद्या तराजूच्या पारड्यांसारखे. याला त्याने दक्षिणी दोलन म्हटले. त्याच्या समकालीनांना हे आकड्यांचे खेळ वाटले. का होते, हे त्यालाही सांगता आले नाही. ते सांगितले नॉर्वेत वाढलेल्या जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये: वॉकरचा हवेतला तराजू आणि पेरूच्या कोळ्यांचा तापलेला समुद्र या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत. ऊन पाणी पूर्वेकडे सरकले की त्यावरून वर चढणारी दमट हवाही पूर्वेकडे सरकते, आणि आपल्या बाजूची हवा खाली दबून ढग धरू देत नाही.

वॉकरचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या चौकाला आजही लोक सिमला ऑफिस म्हणतात, ते त्यामुळे. त्या चौकातून रोज हजारो मराठवाडी माणसे एसटीने जातात. या नावात आपल्या दुष्काळाच्या शोधाची कथा दडली आहे, हे सांगणारी पाटी तिथे असायला हरकत नव्हती.

ब्यर्कनेसच्या निबंधानंतर तीनच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७६ टक्के झाला. मराठवाड्यात खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नाला बांधांची कामे निघाली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून सांगतात की बहात्तरला विहिरीत पाणी होते पण घरात दाणा नव्हता, आणि अलीकडच्या दुष्काळात दाणा आहे पण पाणी नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर रुजली. हा सगळा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच महिन्यांत पेरूच्या किनाऱ्यावर काय चालले होते ते मात्र आपल्या दुष्काळाच्या पुस्तकांत येत नाही. १९७० मध्ये पेरूने १२० लाख टनांहून अधिक अँचोवेटा पकडला होता, जगातली सर्वांत मोठी मासेमारी. बेसुमार पकड आणि त्यावर १९७२ चा एल निनो. १९७३ पर्यंत हा आकडा २० लाख टनांच्या आसपास कोसळला. समुद्रपक्षी लाखोंनी मेले. या माशाची भुकटी युरोप-अमेरिकेत कोंबड्या-डुकरांचे खाद्य म्हणून जात असे. भुकटी संपली, तिच्या जागी सोयाबीनची पेंड मागितली जाऊ लागली आणि सोयाबीनचे भाव जगभर भडकले. जून १९७३ मध्ये अमेरिकेने त्याची निर्यातही काही काळ रोखली. आज कळंब तालुक्यात खरिपाला नजर जाईल तिथे सोयाबीनच दिसते. पेंडीचा भाव जगाच्या बाजारात हलला की आमच्या मोंढ्यात सोयाबीन हलते, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

१९८२-८३ चा एल निनो पेंग्विनच्या जिवावर उठला. पेरूतील हम्बोल्ट पेंग्विनपैकी निम्म्याहून अधिक त्या वर्षभरात नाहीसे झाले. १९८२ चा आपला मोसमी पाऊसही सरासरीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहिला. इथे वाचकांना एक सावधगिरी सांगणे भाग आहे. एल निनो म्हणजे दुष्काळ, असे समीकरण मांडून हल्ली मोबाइलवर जे संदेश फिरतात, ते खरे धरू नयेत. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत प्रबळ घटनांपैकी एक होता. पेरू-चिलीत पक्ष्यांची दैना झाली, पण भारतात पाऊस सरासरीइतका पडला. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाटा यांनी हिंदी महासागरातील द्विध्रुवाचा शोध मांडला, तेव्हा त्याचा उलगडा होऊ लागला. आपल्या समुद्राचा आफ्रिकेकडचा भाग अधिक ऊन आणि सुमात्राकडचा अधिक थंड असेल, तर तो प्रशांत महासागराचा तडाखा काहीसा झेलू शकतो. याशिवाय आम्ही बालाघाटावर, पर्जन्यछायेच्या मुलखात. देशाची सरासरी भरली तरी येरमाळ्याचा ओढा वाहीलच असे नाही.

२०१५ मध्ये मात्र सगळे फासे उलटे पडले. २०१४ चा पाऊस सरासरीच्या ८८ टक्के झाला होता, २०१५ चा ८६ टक्के, आणि प्रशांत महासागरात १९९७ च्या तोडीचा एल निनो. मांजरा धरण त्यात आटले. दुष्काळाला ऊसही तितकाच कारण झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समुद्राच्या माथी सारे मारून कारखानदारीला आणि आपल्या सिंचनाच्या हावरेपणाला मोकळे सोडता येत नाही. तरीही पहिला धक्का तिथूनच आला होता. लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, तेव्हा राणीच्या बागेसाठी निवडलेले पक्षी सेऊलच्या मत्स्यालयात पिंजऱ्याबाहेरच्या जगाशी संबंध नसलेले दिवस काढत होते, आणि त्यांच्या जातीचे रानातले भाऊबंद तापलेल्या समुद्रात मासा शोधत होते.

रानात आज या जातीचे सुमारे २४ हजार प्रौढ पक्षी उरले असल्याचा अंदाज आहे. मासेमारीच्या जाळ्यांत ते अडकतात, बेटांवर उंदीर आणि कुत्री पोहोचली आहेत, चिलीच्या किनाऱ्यावर खाणी आणि बंदरांचे प्रकल्प येऊ घातले आहेत. २०२३ मध्ये चिलीत बर्ड फ्लूने त्यांचा मोठा बळी घेतला. पेरूचा समुद्र त्याच वर्षी पुन्हा तापला होता, आणि आपल्याकडे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. कळंब-वाशी भागात फुलोऱ्यातले सोयाबीन वाळताना आम्ही पाहिले.

राणीच्या बागेत १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिले पिल्लू जन्मले, ते आठवडाभरात गेले. २०२१ मध्ये जन्मलेली दोन जगली. दर सुट्टीत मराठवाड्यातून मुंबईला गेलेली मुले काचेपलीकडचे हे पक्षी पाहून येतात आणि गावी येऊन बर्फातला पक्षी पाहिला म्हणून सांगतात. एप्रिलमध्ये पुण्याचे हवामान खाते मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते, त्यात प्रशांत महासागराच्या तापमानाचा एक परिच्छेद असतोच. पेरूमध्ये त्याच सुमारास पुंता सान हुआनच्या भिंतीआड हम्बोल्ट पेंग्विन अंड्यांवर बसलेले असतात आणि येरमाळ्याच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेची तयारी चाललेली असते.